मीटर लावला की बरा होणारा बिघाड

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, माझा सेट चालू केला, खरखर आली, पण बँड (फ्रिक्वेन्सीचा तो पट्टा) मेलेला. अँटेना जोडल्यावर ७ मेगाहर्ट्झवर एरवी जो गोंगाट उसळतो, तो नाहीच. अँटेनाचा प्लग काढला तरी आवाजात फरक नाही, लावला तरी नाही. चाळीस मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, बसणाऱ्या कुणालाही हे लक्षण कळेल. या बँडवर हवेतला गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे अँटेना काढल्या-लावल्याचा फरक कानाला लगेच कळायला हवा. तो कळत नसेल तर वाट कुठेतरी बंद झालेली असते.

मग माइकचं पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं) बटण एकदा दाबून सोडलं आणि बँड जिवंत झाला. गोंगाट आला, स्टेशनं आली, सगळं जागच्या जागी. त्यानंतर दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

काही काळ मी बटण दाबूनच भागवलं. घरी बांधलेल्या सेटच्या अशा खोडी मालकाला पाठ असतात, आणि एका बटणाने काम होत असेल तर झाकण उघडायचा कंटाळा येतो. पण पुढे बोलता बोलताही हे व्हायला लागलं. माझं बोलून झालं, बटण सोडलं, की समोर शुकशुकाट. पुन्हा बटण दाबून सोडल्यावर समोरच्याचं अर्धं वाक्य कानावर पडायचं, "...अहो, तुमचा सिग्नल पाच-नऊ येतोय, पण तुम्ही आम्हाला ऐकताय का?" (पाच-नऊ म्हणजे स्पष्ट आणि जोरदार.) आता झाकण उघडणं भाग होतं.

सेट बिटएक्स घराण्यातला. अशहर फरहान यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेलं मूळ बिटएक्सचं डिझाइन २० मीटरसाठी होतं. पुढे हॅम मंडळींनी ४० मीटरसाठी त्याची अनेक रूपं बांधली, त्यांतलंच हे एक. क्रिस्टल फिल्टर १० मेगाहर्ट्झचा, व्हीएफओ (स्टेशन लावायचा ऑसिलेटर) २.८ ते ३ मेगाहर्ट्झ, शेवटी पॉवरसाठी एक आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर आणि ऐकायला एलएम३८६ ही अँप्लिफायरची चिप. या सर्किटची खुबी अशी की ऐकताना आणि बोलताना सिग्नल बराचसा त्याच वाटेने जातो. बँडपास फिल्टर तोच, मिक्सर तेच, क्रिस्टल फिल्टर तोच. मधल्या अँप्लिफायरमध्ये दोन दिशांचे ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. रिसीव्ह लाइनला १२ व्होल्ट मिळाले की एक दिशा जागी होते, ट्रान्समिट लाइनला मिळाले की दुसरी.

बिघाड शोधणाऱ्याला ही रचना म्हणजे आयता पुरावा. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावला आणि माइकमध्ये शिट्टी वाजवली. स्कोपवर ५० व्होल्ट पीक-टू-पीक दिसले, म्हणजे सव्वासहा वॉट. नेहमीइतकेच. एवढ्या एका मापात बँडपास, दोन्ही मिक्सर, क्रिस्टल फिल्टर, व्हीएफओ, बीएफओ (आवाज सिग्नलवर चढवणारा-उतरवणारा ऑसिलेटर) आणि अँटेनाकडचा लो-पास फिल्टर इतके सगळे एकदम सुटले. संशयित उरले ते फक्त ऐकण्याच्या वाटेवरचे: रिसीव्ह दिशेचे ट्रान्झिस्टर, ऑडिओ प्रीअँप, एलएम३८६, व्हॉल्यूमचा पॉट, रिसीव्ह लाइनचा सप्लाय आणि अँटेना रिलेचा (ऐकणं आणि बोलणं यांत अँटेनाची जोडणी बदलणाऱ्या, कॉइलने हलणाऱ्या स्विचचा) एक काँटॅक्ट.

ऑडिओचा भाग पटकन निकालात निघाला. बँड मेलेला असताना व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवून पात्याला बोट लावलं, तर स्पीकरमधून जोरदार घुंग आली. ट्रान्झिस्टरांच्या एमिटरवरचे व्होल्टेज सेट मेलेला असतानाही तेच आणि जिवंत असतानाही तेच.

खरा प्रश्न होता तो पीटीटीचा. ते बटण दाबल्याने नेमकं काय दुरुस्त होतं? माझ्या सेटमध्ये ते तीन गोष्टी करतं. अँटेनाचा रिले हलवतं, सप्लायचा रिले हलवतं (म्हणजे रिसीव्ह लाइन तुटून पुन्हा जुळते), आणि आयआरएफ५१० करंट खेचू लागल्याने १२ व्होल्टला क्षणभर हिसका बसतो. तीनही गोष्टी एकाच क्षणी होतात, आणि बरं करणारी त्यांतली कुठलीही असू शकते. म्हणून त्या एकेक करून घडवायच्या ठरवल्या. सकाळी सेट मेलेला असताना पीटीटीला हात न लावता फक्त पॉवरचा स्विच बंद करून चालू केला. रिसीव्ह लाइन गेली आणि आली, सप्लायला हिसकाही बसला, रिले मात्र दोन्ही जागेवर राहिले. बँड मेलेलाच. रिसीव्ह लाइनवर मीटर लावला तर १२.१ व्होल्ट, तेही पूर्ण लोडवर. आता सप्लायचा मुद्दा संपला. उरली रिलेची हालचाल, किंवा त्या हालचालीचा बोर्डाला बसणारा धक्का.

धक्क्याची शक्यता सोपी नव्हती. कॉपरक्लॅडवर (तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डावर) हाताने बांधलेल्या सेटमध्ये ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) निघाला तर नवल नाही, आणि रिलेचा 'टक' असा ठोका त्याला जुळवायला पुरेसा असतो. प्लास्टिकच्या काडीने बोर्डावर टिचक्या मारून असा सांधा शोधायची रीत सगळ्यांना माहीत आहे. मारली टिचकी, बँड जिवंत. पण कुठे मारली? बँडपास फिल्टरजवळ. दुसऱ्या सकाळी मुद्दाम दुसऱ्या टोकाला, एलएम३८६जवळ मारली, तरी जिवंत. सगळा बोर्ड एकच पत्रा असल्याने टिचकी कुठेही मारा, ती सगळीकडे पोहोचते. बिघाड नाजूक आहे हे तिने सांगितलं, तो कुठे आहे हे नाही.

आणि इथेच या बिघाडाचा खरा त्रास होता. बोलता बोलता तो अधूनमधून यायचा, पण हमखास यायचा तो रात्रभर सेट शांत पडून राहिल्यावरच, आणि एकदा हलला की बहुधा त्या दिवसापुरता गेला. म्हणजे दिवसाला एकच प्रश्न विचारता येणार. तोही हलक्या हाताने.

मग रोज रात्री दुसऱ्या सकाळची तयारी सुरू झाली. एका ट्रान्झिस्टरचा छोटा ऑसिलेटर केला, क्रिस्टल ७.१५९ मेगाहर्ट्झचा. टीव्हीच्या रंगीत सिग्नलसाठी जी ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी असते, तिची ही बरोबर दुप्पट, त्यामुळे हा क्रिस्टल सहज मिळतो आणि नेमका आपल्या बँडात पडतो. त्याच्यापुढे दहा-दहा डेसिबलचे सात अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात क्षीण करणारे). प्रत्येकात १०० ओहमचे दोन रेझिस्टर जमिनीला आणि मध्ये ६८ ओहमचा एक. हिशोबाने हे १० डेसिबलला किंचित कमी पडतात, पण असल्या कामाला पुरतात. ऑसिलेटर आणि त्याची बॅटरी कॉपरक्लॅडच्या बंद डब्यात सोल्डर करून टाकली. हे टाळू नये. डबा उघडा राहिला तर सिग्नल केबलऐवजी हवेतून रिसीव्हरमध्ये शिरतो आणि अटेन्युएटर कितीही फिरवा, आवाज तोच राहतो. माइकचा प्लग काढून ठेवला. ऑसिलेटर अँटेनाच्या सॉकेटला जोडलेला असताना चुकून पीटीटी दाबलं गेलं तर सहा वॉट त्या बिचाऱ्या पाव वॉटच्या रेझिस्टरांत जातील.

पहिली चाचणी अशी ठरवली: सिग्नल आधी अँटेनाच्या सॉकेटवर द्यायचा, मग रिलेच्या पुढे, थेट बँडपासच्या तोंडाशी. सॉकेटवर अगदी क्षीण आवाज आला. बँडपासच्या तोंडाशी कान फाटेल इतका. रिले सापडला असं वाटलं. खात्रीसाठी पुन्हा सॉकेटवर आलो, तर आता तिथेही पूर्ण आवाज. केबल इकडून तिकडे करताना सेट हलला होता. पुरावा होता, पण डागाळलेला.

म्हणून रिलेचा काँटॅक्ट मीटरने मोजायचं ठरवलं. दुसऱ्या सकाळी सेट बंद ठेवूनच कॉमन आणि नॉर्मली क्लोज्ड (रिले सुटलेला असताना जुळणाऱ्या) या दोन पायांवर मीटरची टोकं अलगद टेकवली. ०.२ ओहम. मीटरची टोकं एकमेकांना लावली तरी एवढेच दाखवतो. म्हणजे काँटॅक्ट उत्तम. सेट चालू केला, तर बँडही जिवंत. वाटलं, टोकं टेकवताना धक्का बसला असेल. पुढच्या वेळी रिलेच्या पायांना दोन बारीक, लवचीक तारा सोल्डर करून बाहेर काढून ठेवल्या आणि सकाळी मीटर त्या तारांच्या टोकांना लावला. बोर्डाला स्पर्शसुद्धा नाही. पुन्हा ०.२ ओहम, पुन्हा बँड जिवंत. मीटर न लावता सेट चालू केलेल्या सकाळी मात्र बँड मेलेला.

दात दुखतो म्हणून जावं आणि दवाखान्याच्या पायरीवर दुखणं थांबावं, तसला हा प्रकार. पण दाताला निदान भीती तरी असते. रिलेला मीटरची भीती वाटायचं कारण काय?

कारण मीटरमध्येच होतं. ओहमच्या रेंजवर मीटर नुसता बघत नाही, तो स्वतःच्या बॅटरीतून करंट पाठवतो आणि त्यावर किती व्होल्टेज पडतं ते मोजतो. माझ्या मीटरची मोकळी टोकं दुसऱ्या मीटरला लावून पाहिली तर अडीच व्होल्टच्या वर निघाले. आता रिसीव्ह करताना त्याच काँटॅक्टच्या वाट्याला काय येतं ते पाहा. एस-९ म्हणजे चांगला दणदणीत सिग्नल, आणि तो ५० मायक्रोव्होल्टचा असतो. अडीच व्होल्ट त्याच्या पन्नास हजार पट. काँटॅक्टवर काळपट थर चढलेला असेल तर मायक्रोव्होल्टचा सिग्नल त्यावर डोकं आपटून परत जातो, आणि मीटरचे व्होल्ट मात्र तो थर फोडून पलीकडे जातात. थर एकदा फुटला की तिथे धातूला धातू लागतो आणि काँटॅक्ट पुढच्या हालचालीपर्यंत किंवा पुन्हा थर धरेपर्यंत ठीक राहतो. मीटर खोटं बोलत नव्हता. तो मोजायच्या आधी दुरुस्ती करत होता.

हे नुसतं तर्काने पटवून घेण्यापेक्षा, बिघाडाला धक्का न लावता सिद्ध करायचं होतं. रिलेच्या पायांवर काढलेल्या दोन तारांपैकी एकीला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडला. ७ मेगाहर्ट्झला तो जेमतेम सव्वादोन ओहमचा, म्हणजे आरएफच्या (रेडिओ सिग्नलच्या) दृष्टीने सरळ तारच, पण डीसी एक थेंबही जाऊ देत नाही. (माझ्या सेटमध्ये तिथे डीसी नाहीच, नुसती तारही चालली असती. पण दुसऱ्याच्या सर्किटमध्ये हात घालताना कपॅसिटरच बरा, म्हणून तीच सवय ठेवली आहे.) स्पीकरवर एसी मिलिव्होल्टमीटर. सकाळी फक्त पॉवरचा स्विच दाबला. बँड मेलेला, ऑसिलेटरचा सूर जेमतेम. तारांची टोकं जुळवली, म्हणजे काँटॅक्टला बगल दिली, सूर उसळला. सोडली, पुन्हा बसला. जुळवली, उसळला. सोडली, बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बिघाड न पळता जागेवर थांबला होता आणि मी त्याला हवं तेव्हा झाकू-उघडू शकत होतो.

तसाच थांबलेला असताना अटेन्युएटर वापरून तो किती मोठा आहे तेही मोजून घेतलं. टोकं जुळलेली असताना ७० डेसिबल घालून जो आवाज येत होता, तो टोकं सुटलेली असताना मिळवायला अटेन्युएटर ४० पर्यंत खाली आणावा लागला. ३० डेसिबलची तूट, म्हणजे पाच एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायच्या पाच पायऱ्या). ५० ओहमच्या ऑसिलेटरपासून ५० ओहमच्या रिसीव्हरकडे जाताना मध्ये एखादा रेझिस्टन्स घुसला आणि ३० डेसिबल गेले, तर तो किती? एकूण १०० ओहमचे ३१६२ झाले पाहिजेत, म्हणजे मधला काँटॅक्ट सुमारे ३ किलोओहमचा. मीटर ज्याला ०.२ म्हणत होता, तो मायक्रोव्होल्टच्या सिग्नलला तीन हजार होता.

रिले काढला. साधा १२ व्होल्ट कॉइलचा, १० अँपिअर काँटॅक्टचा, एका घरगुती उपकरणाच्या बोर्डावरून आलेला. करवतीने कवच कापून भिंगाखाली धरला. अपेक्षा होती की ऐकण्याच्या बाजूचा काँटॅक्ट काळा आणि बोलण्याच्या बाजूचा चकचकीत असेल. तसं नव्हतं. दोन्ही सारखेच काळपट. चांदीच्या मिश्रधातूवर हवेतल्या गंधकाने चढणारा तोच तो थर, चांदीच्या भांड्यावर चढतो तो. बोलण्याची बाजू तरीही नीट चालत होती, कारण सव्वासहा वॉटला ५० ओहमवर पावणेअठरा व्होल्ट येतात आणि ते थराला जुमानत नाहीत. ऐकण्याच्या बाजूला तेवढी ताकद कधी मिळतच नाही.

त्या रिलेला दोष देण्यात अर्थ नाही. तो मोटर आणि हीटर चालू-बंद करायला बनवलेला असतो. तिथे प्रत्येक वेळी काँटॅक्टवर बारीकशी ठिणगी पडते आणि तीच थर जाळून टाकते, म्हणून तो वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. रिलेच्या माहितीपत्रकात कमाल करंट सगळे वाचतात. त्याच्याच जवळपास किमान लोडही दिलेला असतो, आणि पॉवर रिलेसाठी तो साधारण काही व्होल्ट व काही मिलिअँपिअरपासून पुढे असतो. अँटेनातून येणारा सिग्नल त्याच्या जवळपासही फिरकत नाही. उलट १० अँपिअरची इथे गरजच नाही. सव्वासहा वॉटला ५० ओहममधून जाणारा करंट अवघा ०.३५ अँपिअर असतो.

उपाय तीन होते. काँटॅक्ट घासून साफ करणं हा पहिला, आणि तो मी सोडून दिला, कारण थर पुन्हा चढणार आणि बंद कवचाचा रिले दरवेळी कोण कापणार? दुसरा उपाय देखणा आहे. दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावून काँटॅक्ट डीसीपुरता वेगळा करायचा आणि १०० मायक्रोहेन्रीचा चोक व २.२ किलोओहम यांतून त्याच्यामधून पाचेक मिलिअँपिअर सतत वाहू द्यायचे. हा करंट थर टिकूच देत नाही. जुना रिले ठेवायचाच असेल तर मी हेच करेन. पण त्यात १२ व्होल्टच्या लाइनवरची घाण थेट रिसीव्हरच्या तोंडाशी नेऊन सोडायची आणि मग ती गाळत बसायचं, हे मला नको होतं.

तिसरा उपाय म्हणजे सिग्नल रिले. आकाराने लहान, काँटॅक्टवर सोन्याचा मुलामा आणि टोक दुभंगलेलं, म्हणजे एका ठिकाणी कचरा अडकला तरी दुसरं टेकतं. अशा रिलेचा किमान लोड मिलिव्होल्ट आणि मायक्रोअँपिअरमध्ये दिलेला असतो. सोन्यावर गंधकाचा परिणाम होत नाही. कॉइलही हलकी. जुना रिले ३० मिलिअँपिअर घ्यायचा, हा १२. बसवताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची. यांतल्या कित्येक रिलेच्या कॉइलला प्लस-मायनस असतं. उलटी जोडली तर रिले ओढतच नाही, आणि नवा भाग मुळातच मेलेला आला असं वाटतं. पायांची मांडणी जुन्याशी जुळत नव्हती, म्हणून रिले पालथा चिकटवला आणि तारांनी जोडला. दिसायला गबाळं आहे. ७ मेगाहर्ट्झला चालतं.

सोनं लावलं की काम संपलं असं मात्र नाही. हा मुलामा मायक्रॉनच्या हिशोबातला असतो आणि चालू आरएफवर काँटॅक्ट हलला तर ठिणगीने तो उडतो. मग खाली पुन्हा चांदीच. म्हणून क्रम पाळावा लागतो: आधी रिले हलला पाहिजे, मग आरएफ आलं पाहिजे, आणि जाताना आधी आरएफ थांबून मग रिले सुटला पाहिजे. या रिलेला ओढायला तीन-चार मिलिसेकंद लागतात. मी आयआरएफ५१०च्या गेट बायसला (त्याला जागं करणाऱ्या व्होल्टेजला) एक रेझिस्टर आणि कपॅसिटर घालून साधारण १० मिलिसेकंदांचा उशीर दिला. सोडताना तोच कपॅसिटर एका डायोडमधून पटकन रिकामा होतो. रिलेच्या कॉइलवरचा संरक्षक डायोड रिलेला सुटायला जरा उशीर करतोच, तो इथे फायद्याचा ठरला. बोलण्यात १० मिलिसेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मोर्सवाल्यांनी मात्र पहिल्या डॉटची काळजी घ्यावी, वेगात पाठवताना तो कापला जातो.

नवा रिले बसल्यावर तीच चाचणी केली. रात्रीच जोडणी करून ठेवायची, सकाळी फक्त स्विच. तारांची टोकं जुळवा किंवा सोडा, मिलिव्होल्टमीटरचा काटा हलत नाही. आता त्या तारा काढून टाकल्या आहेत.

सप्लायचा दुसरा रिले जुन्याच जातीचा आहे, १० अँपिअरवाला. तो मी बदललेला नाही. त्याच्या काँटॅक्टवर १२ व्होल्ट असतात आणि ऐकताना शंभरेक मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे त्याचा थर तिथेच फुटत राहतो. तो आपल्या जागी योग्य आहे.